फोन आपला, जागा कुणाची?

"मेमरी फुल झालीय, रूट मारून घेऊ का?" हा प्रश्न गेल्या महिनाभरात मला तिघांनी विचारला. एक एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, एक कांदा-सोयाबीनवाला शेतकरी आणि एक अंगणवाडी सेविका. बातमीदाराला लोक काहीही विचारतात, अगदी पोरीच्या स्थळापासून पाइपलाइनच्या परवानगीपर्यंत. त्यामुळे प्रश्नाचं नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की तिघांना हा सल्ला वेगवेगळ्या पोरांनी दिला होता आणि दोन-तीनशे रुपयांत करूनही देतो म्हणाले होते.

तिघांना मी एकच उत्तर दिलं. नको. पण नुसतं नको म्हणून माणसाचा फोन रिकामा होत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. एसटीची वाट बघताना वाचली तरी चालेल.

आधी रूट म्हणजे काय ते. अँड्रॉइड लिनक्सवर उभं आहे आणि लिनक्समधल्या सर्वाधिकारी खातेदाराचं नाव रूट. समजा तुम्ही भाड्याच्या खोलीत राहताय. खोलीतलं सामान तुमचं, पण मीटरच्या पेटीची आणि गच्चीची किल्ली मालकाकडे. रूट करणं म्हणजे ती किल्ली बनवून घेणं. आता आपण रोख पैसे मोजून घेतलेल्या फोनमध्ये आपणच भाडेकरू का, हा खरा प्रश्न आहे. त्याच्याकडे येतोच.

हे रूटचं खूळ कुठून आलं? एके काळी त्याला खरंच अर्थ होता. १५ सप्टेंबर २०१४ ला आपल्या देशात अँड्रॉइड वन नावाचे फोन आले. मायक्रोमॅक्स, कार्बन, स्पाइस या तीन कंपन्यांचे, ६,३९९ रुपयांपासून. आतली मेमरी चार जीबी. त्यातली बरीचशी फोनच्या स्वतःच्या संसारातच जायची. व्हॉट्सॲप आणि फेसबुक टाकलं की फोन हात वर करायचा. बत्तीस जीबीचं कार्ड शेजारी रिकामं पडलेलं, पण ॲप त्याच्यावर जायचं नाही. मग पोरांनी वाट काढली. किंगरूट, फ्रामारूट असलं काहीतरी टाकून फोन रूट करायचा, मेमरी कार्डाचे दोन भाग पाडायचे आणि लिंक टू एसडी नावाच्या ॲपने निम्मा संसार कार्डावर हलवायचा. कार्ड काढलं की निम्मी ॲप गायब, पण काम भागायचं. त्या पोरांचं मला आजही कौतुक वाटतं. कुणी शिकवलं नव्हतं, मराठीत एक ओळ माहिती नव्हती, तरी शिकले.

पण ते औषध त्या तापाचं होतं. आजच्या बत्तीस किंवा चौसष्ट जीबीच्या फोनला तेच द्यायला निघालेत, तिथं गडबड आहे.

रूटवाला सांगतो की कंपनीची फालतू ॲप उडवतो, जागा होते. ऐकायला बरोबर वाटतं. पण कंपनीची ती ॲप बसलेली असतात सिस्टिमच्या वेगळ्या कप्प्यात, आणि तुमचे फोटो, व्हॉट्सॲप, तुम्ही टाकलेली ॲप असतात दुसऱ्या कप्प्यात. वाड्यातलं देवघर रिकामं केलं म्हणून कोठी मोठी होत नाही. मधे भिंत आहे. सिस्टिममधलं ॲप उडवलं तरी ती जागा सहसा तुमच्या वाट्याला येतच नाही. तुमच्या कोठीत त्या ॲपची वाढलेली अपडेट बसलेली असतात, आणि ती काढायला रूट लागत नाही. सेटिंगमध्ये जायचं, ॲप उघडायचं, अपडेट काढून टाकायची आणि ॲप बंद करायचं. सगळी बंद होत नाहीत, पण बरीच होतात. फुकट.

म्हणजे ज्यासाठी रूट करायचं, ते त्यातून फारसं मिळत नाही. जातं काय, तेही बघा. बूटलोडर उघडताना फोन पुसला जातो. पोरीच्या बारशाचे फोटो दुसरीकडे ठेवले नसतील तर गेले. कंपनीकडून येणारं अपडेट नंतर नीट बसत नाही. एका बटणात रूट करून देणारी जी ॲप फिरतात, ती कुणी बनवली आणि आत काय करतात, हे करून देणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं. आणि त्याच फोनवर तुमचा ओटीपी येतो. त्यात बँकांची आणि पैशाच्या व्यवहाराची बरीच ॲप रूट केलेला फोन ओळखतात आणि चालायलाच नकार देतात.

आमच्या ओळखीच्या एका तात्यांचं असंच झालं. पुतण्याने हौसेनं फोन रूट करून दिला. दोन दिवस तात्या खूश. तिसऱ्या दिवशी खताच्या दुकानात पैसे द्यायला गेले तर ॲप उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. दुकानदार म्हणाला, "तात्या, तुमचा फोन सुरक्षित नाही म्हणतंय." तात्या म्हणाले, "अरे, घरचाच फोन आहे, सुरक्षित नसायला काय झालं?" पुतण्याने पुन्हा कंपनीची मूळ सिस्टिम टाकली, त्यात फोन पुन्हा पुसला. त्या फोनमध्ये तात्यांनी बांधाच्या भांडणाचे काढून ठेवलेले फोटो होते. आता प्रकरणात ते लागणार आहेत.

म्हणून नको म्हणतो. ज्या फोनवर बँक आहे, तो रूट करू नका. कपाटात पडलेला जुना फोन असेल आणि पोरगं शिकतंय, तर खुशाल करू द्या. हात साफ होतो.

आता मूळ दुखण्याकडे. जागा गेली कुठं?

तेलाचं पाऊच घेतलं की त्याच्यावर निव्वळ वजन लिहावं लागतं. बिस्किटाच्या पुड्यावरही. पिशवीसकट वजन सांगून भागत नाही, तसा कायदाच आहे. फोनच्या डब्यावर मात्र ठळक लिहितात ३२ जीबी, आणि आत सिस्टिमने किती खाल्ली हे घरी जाऊन सेटिंगमध्ये शोधायचं. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं असतं की प्रत्यक्ष जागा कमी असू शकते. किती कमी? ते नाही. सात हजारांचा फोन घेणाऱ्याला हा आकडा सत्तर हजारांचा घेणाऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचा असतो. दोनशे छप्पनमधले वीस गेले तर कुणाला कळत नाही, बत्तीसमधले पंधरा गेले की घर बसतं.

त्यात नवीन खेळ आलाय, वाढीव रॅमचा. डब्यावर "४ अधिक ४ जीबी" असं झोकात छापतात. ती वरची चार जीबी आभाळातून येत नाही. तुमच्याच आतल्या मेमरीतून कापून घेतात. सेटिंगमध्ये ती सोय शोधा आणि बंद करून फोन एकदा चालू-बंद करा. अनेकांना तिथंच दोन-चार जीबी परत मिळतात. एमआयडीसीतल्या त्या भावाला मिळाले. रूटचे पैसे वाचले.

बाकीचा दोष थोडा आपलाही आहे, खोटं कशाला बोला. सकाळी उठल्याबरोबर गुलाबाचं फूल आणि सुविचार. २०१८ च्या सुरुवातीला परदेशातल्या पेपरात बातमी आली होती की भारतीयांच्या सुप्रभात संदेशांनी फोन भरून वाहतायत. वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा हवाला होता, भारतात दर तिघांतल्या एकाच्या फोनची जागा रोज संपते. गूगलने त्याच्या महिना-दीड महिना आधी असले फोटो शोधून काढणारं ॲपही आणलं होतं. जगाला आपली ही ओळख. पण दत्तजयंतीचे फोटो पाठवणाऱ्या आजीला मी यात गुन्हेगार धरणार नाही. तिने फोन फुल होईल असा हिशेब करून फूल पाठवलेलं नाही. हिशेब करून माल भरणारे वेगळे आहेत.

त्यांच्याबद्दल कुणी बोललंच नाही असं नाही. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्या आदेशात एक कलम होतं की गूगलची आधीपासून टाकलेली ॲप ग्राहकाला काढून टाकायची असतील तर अडवायचं नाही. आपल्यासारख्यांच्या कामाचं तेवढंच होतं. २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जी चार कलमं रद्द केली त्यात हे नेमकं गेलं. दंड सरकारच्या तिजोरीत, ॲप आपल्या फोनमध्ये.

आणि सरकार तरी काय वेगळं? २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश काढला की संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या. देशभर आरडाओरडा झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप वाईट नाही. हरवलेला फोन बंद करायला चांगलं आहे, मी स्वतः लोकांना सांगतो. पण आरडाओरडा झाला तो पाळत ठेवण्यावरून. जागेवरून एकही नेता बोलला नाही, कारण बोलणाऱ्यांच्या फोनमध्ये जागा असते.

ज्यांच्या फोनमध्ये नसते, त्यांच्याकडून आता सगळी कामं ॲपवर मागतात. माझा राग इथं आहे.

ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने वावरात उभं राहून स्वतःच्या फोनवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना चांगली, तलाठ्याने चावडीत बसून पीक लिहिण्यापेक्षा कधीही बरी. पण प्रत्येक हंगामात नवी आवृत्ती, जुनं ॲप काढा, नवं टाका. वावरात रेंज एक काडी आणि फोन म्हणतोय जागा अपुरी. नोंद राहिली तर काय होतं? २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनच्या अनुदानाला सुरुवातीला ई-पीक पाहणीतली नोंदच धरली होती. हेक्टरी पाच हजार रुपये. म्हणजे फोनमध्ये जागा नसण्याची किंमत हेक्टरी पाच हजार. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या नोंदी सहायक करतात हे खरं, पण एका सहायकाच्या वाट्याला किती गट येतात, ते त्यालाच विचारा.

आणि अंगणवाडीच्या ताई. २०१९ च्या सुमारास राज्यात लाखभर सेविकांना सरकारने फोन दिले. रॅम दोन जीबी. तेव्हा त्यावर दुसरं ॲप होतं. मग १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आलं, आणि ते त्या फोनवर नीट चालेना. फोन गरम व्हायचा, अडकायचा, वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या गळ्यात. वर ॲप इंग्रजीत. वरून सांगणं असं की मग स्वतःच्या फोनवर टाका. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन पिशवीत भरले आणि बाल विकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाईल वापसी आंदोलन. काही जण हसले होते तेव्हा, की फुकटचा फोनही नको म्हणतात. मला त्या आंदोलनाइतकं स्वच्छ आंदोलन गेल्या काही वर्षांत दिसलेलं नाही. तुमचं काम, तुमचं ॲप, मग फोनही कामाचा द्या, एवढंच म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगल्या फोनची मागणी होतीच. आता तर १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची सक्ती आहे. चेहरा ओळखायचा म्हणजे कॅमेरा पाहिजे, रॅम पाहिजे, जागा पाहिजे.

मला रूटचं विचारणाऱ्या ताई याच साखळीतल्या. त्या म्हणाल्या, "दादा, घरचे फोटो सगळे उडवलेत. आता काय उडवू?" सरकारी कामासाठी एका बाईने स्वतःच्या पोरांचे फोटो उडवायचे, आणि तरी भागेना म्हणून फोनची किल्ली कुठल्यातरी पोराच्या हातात द्यायची. उद्या खात्यातून पैसे गेले तर बातमी कशी छापून येईल तेही मला माहीत आहे, "नागरिकांनी सतर्क राहावे".

माझं म्हणणं सरळ आहे. जे ॲप सरकार सक्तीचं करतं, ते दोन जीबी रॅमच्या फोनवर चालतं का हे आधी तपासून मग आदेश काढावा. चालत नसेल तर तोपर्यंत कागदावरची नोंद ग्राह्य धरावी. आणि फोनच्या डब्यावर निव्वळ जागा छापायची सक्ती करावी. आमदार-खासदारांपैकी कुणी हा प्रश्न सभागृहात विचारला तर पहिल्या पानावर घेईन, शब्द देतो.

तोवर आजच्या आज करण्यासारखं: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जा, सगळ्यात मोठ्या फाइली वर दिसतात, त्या काढा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. गॅलरीतला कचऱ्याचा डबा रिकामा करा, उडवलेलं महिनाभर तिथंच पडून असतं. टेलिग्रामवर सिनेमे बघणाऱ्यांनी त्याची साठवण पुसा, तिथं अनेकदा मोठं घबाड निघतं. कॅमेऱ्याचे फोटो थेट कार्डावर जातील असं करा. कार्ड मात्र बिल घेऊन चांगल्या दुकानातून घ्या, बाजारात दीडशे रुपयांना मिळणारं १२८ जीबीचं कार्ड आतून किती असतं ते देव जाणे.

आता तुमचं काम. शिरवळ, लोणंद, खंडाळा भागातल्यांनी खाली तीनच गोष्टी लिहा: फोनचं मॉडेल, डब्यावर लिहिलेली जीबी, आणि सेटिंगमध्ये सिस्टिमच्या नावापुढे दिसणारी जीबी. शंभर नोंदी झाल्या की यादी घेऊन तहसीलदारांकडे आणि ग्राहक पंचायतीकडे जातो. नाव नको, नंबर नको, स्क्रीनशॉटमध्ये आधार दिसत असेल तर टाकू नका.