मांजराची शिंक: शकुन नव्हे, लक्षण

शिंक ऐकली की घराबाहेर पडणारे पाऊल थबकते आणि मांजर आडवे गेले की रस्ता बदलतो. पण घरातले मांजरच वारंवार शिंकू लागले, तर ‘सर्दी असेल, जाईल आपोआप’ म्हणून आपण विषय संपवतो. काही घरांत तर तापाची अर्धी गोळी दुधातून पाजली जाते. दुर्लक्षापेक्षाही हा उपाय घातक आहे.

एखाद-दुसऱ्या शिंकेने घाबरण्याचे कारण नाही. हिंगोली-वसमत भागात हळद वाळवून पॉलिश करण्याचा हंगाम आला की धूळ उडते. चुलीचा धूर, अगरबत्ती, डासांची कॉइल यांनीही मांजराचे नाक चुरचुरते. कारण दूर केले की शिंका थांबतात. मात्र दोन-तीन दिवस शिंका सुरूच राहिल्या, डोळे-नाक गळू लागले, तर तो बहुधा संसर्ग असतो. मांजरांच्या अशा बहुतेक आजारांमागे हर्पिस आणि कॅलिसी हे दोन विषाणू असतात. ते माणसाला होत नाहीत. पण एका मांजराकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातात. हर्पिस तर शरीरात दडून राहतो. घर बदलले, नवे मांजर आले, असा ताण पडला की तो पुन्हा डोके वर काढतो.

खरा धोका असतो उपासमारीचा. मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की ते ताटलीकडे फिरकत नाही आणि दोन-तीन दिवसांच्या उपासाने त्याचे यकृत बिघडू शकते. म्हणून नाक-डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावेत, अन्न किंचित कोमट करून द्यावे, इतर मांजरांपासून त्याला वेगळे ठेवावे, भांडीही वेगळी ठेवावीत. पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. ते पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. एक गोळीही जीव घेऊ शकते. बाम, कापूर, निलगिरी तेलही दूरच ठेवावे.

जेवण बंद होणे, तोंड उघडून श्वास घेणे, नाकातून रक्त किंवा घट्ट पिवळा शेंबूड येणे, एकाच नाकपुडीतून स्राव होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. पिल्लांच्या बाबतीत तर थांबूच नये.

चिकनच्या दुकानातील कच्ची आतडी मांजराला घालण्याची सवयही सोडायला हवी. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याचे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झाले. मांजर त्याच कुळातले. मांस शिजवूनच द्यावे.

बचावाचा मार्ग लसीकरणाचा आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढचे डोस दिल्यास आजाराची तीव्रता बरीच कमी होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाय-म्हशींचाच, हा समज आधी आपण सोडू या. मांजर घेऊन लोक दारात येऊ लागले, तर प्रशासनालाही तालुक्याच्या ठिकाणी ही लस उपलब्ध करून देण्याचा विचार करावा लागेल. उंदरांपासून आपली कणगी राखणाऱ्या जनावराचा एवढा हक्क नक्कीच आहे.