दुसऱ्या पिढीचा आवाज आणि आपली समीक्षा

अमेरिकेतील मराठी कुटुंबांवरील कथांचा विचार करताना आपली समीक्षा 'दोन संस्कृतींचा संघर्ष' हे सूत्र फार सहजपणे वापरते. मुलीला नाटकात काम करावयाचे आहे, आईवडिलांना ती डॉक्टर व्हावयास हवी आहे. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन खण आखले की विवेचन संपते. हे सूत्र अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली आणि कुशल व्यावसायिकांना वाट करून दिली. त्यानंतर तेथे गेलेल्या भारतीयांत डॉक्टर, अभियंते व संशोधक यांचा भरणा मोठा होता. परीक्षेतील गुण ही त्यांच्या लेखी केवळ प्रतिष्ठेची बाब नव्हती. त्या गुणांच्या बळावरच त्यांनी देशाची सीमा ओलांडली होती. शिवाय घरच्यांची अपेक्षा आणि स्वतःचे स्वप्न यांची वाट त्यांच्यापुरती बहुधा एकच होती. मुलांच्या वाट्याला आली तेव्हा ती दुभंगली. म्हणजेच आईवडिलांचा आग्रह जितका परंपरेतून, तितकाच स्थलांतराच्या स्वरूपातून आलेला आहे.

झुम्पा लाहिरी यांच्या 'द नेमसेक' (२००३) या कादंबरीतील बंगाली कुटुंब या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाचा मुलगा गोगोल वयात येताच आपले नाव बदलून घेतो, पुढे वास्तुरचनाकार होतो. परंतु त्या नावामागची वडिलांच्या रेल्वे अपघाताची हकिकत कळल्यावर बंड आणि ऋण त्याला वेगळे करता येत नाहीत.

ही कादंबरी इंग्रजीत आहे, हे विसरून चालणार नाही. मराठीत मात्र ही कहाणी प्रामुख्याने आईवडिलांची पिढी सांगते. तिच्यातील मुलगा एकतर हसू यावे असे मोडके मराठी बोलतो, नाहीतर पुस्तकी प्रमाण मराठी. प्रत्यक्षात आई मराठीत विचारते आणि तो इंग्रजीत उत्तरतो; दोघांनाही दुसऱ्याचे शब्द कळतात, आशय निसटतो. हे निसटणे आपल्या कथेने अजून पुरेसे टिपलेले नाही.

तेव्हा मराठीतील स्थलांतरितांच्या लेखनाशेजारी त्यांच्या मुलांचे इंग्रजी लेखन ठेवूनच अभ्यास व्हावयास हवा. अन्यथा आपण केवळ आईवडिलांची बाजू वाचू आणि तिलाच कुटुंबाची कथा म्हणू.