दुसऱ्या टोकाचा वाचक

आस्वादक हा कलाकृतीचा सहनिर्माता असतो, हे विधान समीक्षेत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. मॉन्ट्रियलच्या कार्तिए दे स्पेक्ताक्ल या भागात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'ल्युमिनोथेरपी' या हिवाळी प्रकाशोत्सवाने आम्हाला ती गरज जाणवून दिली.

२०१५-१६ च्या हिवाळ्यात तिथल्या चौकात 'इम्पल्स' ही मांडणी होती : तीस प्रकाशमान सीसॉ. ते खाली-वर होऊ लागले की त्यांचा प्रकाश आणि ध्वनी बदलत असे. स्पर्श होताच दिवा लागतो, अशा कलाकृतींनाही सर्रास सहभागाची कला म्हटले जाते. वस्तुतः तिथे प्रेक्षक केवळ कळ दाबतो. ती तर आपण लिफ्टमध्येही दाबतो. सीसॉला मात्र दुसरे माणूस लागते, कदाचित अनोळखी, आणि त्याच्या वजनाशी आपले वजन जुळवावे लागते.

उंबेर्तो एको यांनी १९६२ च्या 'ओपेरा अपेर्ता'त खुल्या कलाकृतीचा पुरस्कार केला. पण खुलेपणा म्हणजे वाटेल तसा हस्तक्षेप नव्हे, असेही बजावले. सीसॉलाही मधला टेकू अचलच असतो.

साहित्याच्या वर्गात संहिता हा तो टेकू होय. "तुम्हाला काय वाटले?" एवढे विचारून थांबणारे अध्यापन विद्यार्थ्याला निव्वळ कळ दाबायला लावते. त्याच संहितेवर टेकलेले दुसऱ्याचे वाचन त्याला पेलावे लागले, तरच तो सहनिर्माता ठरेल.