रुंद म्हणजे स्वच्छ नव्हे

शिरूरपासून दौंडपर्यंत एक गैरसमज घरोघरी भिंतीवर टांगलेला आहे: चित्र रुंद झाले की ते एचडी झाले. साफ खोटे! मी कॉमर्सचा माणूस, आकड्यांत बोलतो. साध्या प्रक्षेपणात ठिपके ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोब्बर पाचपट, पैचा फरक नाही. तेच चार लाख ठिपके रुंद पडद्यावर पसरले, तर शिल्लक वाढते काय?

दौंडचे आमचे मेहुणे म्हणतात, "दाजी, चित्र कसं भरलंय बघा!" भरलंय खरं. निवेदिकेचे गालही भरलेत आणि मागचे गोल घड्याळ अंडाकृती झालेय. बरे, घड्याळ गोल दिसले तरी भुलू नये. चित्र ताणलेले नाही, एवढेच त्यातून कळते. खरी तपासणी क्रिकेटच्या मैदानावर. कॅमेरा जवळ गेल्यावर गवताची पाती सुटी दिसली तर एचडी, नुसती हिरवी चटणी दिसली तर नाही.

दूरदर्शनने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या, तरी आमचा हा घोळ चालूच. वाहिनीच्या नावापुढे 'एचडी' आहे ना, मग झाले! अहो, जुनी मालिका पाचपट ठिपक्यांत ओतली तरी तपशील जुनाच. रुपया मोडून वीस पैशांची पाच नाणी घेतली, तर आमच्या काउंटरवर त्याचे पाच रुपये कोणी जमा करत नाही. एचडीचे जादा पैसे मात्र दरमहा आगाऊ.