शिळा होणारा पैसा

परवाची गोष्ट. वाण्याच्या दुकानात नेटवर्क गायब आणि माझ्या पाकिटात एकच पाचशेची नोट. काकांनी गल्ल्यात होतं नव्हतं ते परत दिलं. उरलेल्या पन्नास रुपयांची चिठ्ठी. "असू दे रे, नंतर घेऊन जा." वैताग! संध्याकाळी इस्त्रीवाल्या दादापुढे गंमत म्हणून तीच चिठ्ठी धरली, तर त्याने चक्क घेतली. "चालेल की, मला तेल तिथूनच आणायचंय."

म्हणजे बॉस, आमच्या गल्लीने स्वतःची करन्सी काढली!

ऑस्ट्रियातल्या व्योर्गल या छोट्या गावाने हेच सिरियसली केलं होतं. साल १९३२. जागतिक मंदी, हाताला काम नाही, टॅक्स थकलेला. महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी गावापुरत्या नोटा काढून पालिकेच्या कामाची मजुरी त्यात दिली. खरी मेख पुढेच. दर महिन्याला नोटेवर तिच्या किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट चिकटवायचं, तरच ती पूर्ण किमतीला चालणार. थोडक्यात, पैसा भाजीसारखा शिळा होणार! मग साठवणार कोण? नोटा भराभर फिरल्या. रस्ते झाले, पूल झाला, लोकांनी थकलेला टॅक्सही भरला. आसपासच्या गावांनाही मोह झाला. पण नोटा काढायचा हक्क आमचाच, म्हणत ऑस्ट्रियाच्या नॅशनल बँकेने सप्टेंबर १९३३ मध्ये प्रयोग बंद पाडला.

आपल्या काळातही असे प्रयोग झाले. लंडनच्या ब्रिक्स्टन पाउंडच्या दहाच्या नोटेवर तर डेव्हिड बोवी झळकला! ब्रिस्टल पाउंड २०१२ मध्ये आला, महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी अख्खा पगार त्यात घेतला. तरी २०२१ पर्यंत तो संपला. अशा पैशाची गोची साधी आहे. गिऱ्हाइकाकडून दुकानदार नोट घेईल, पण त्याचा होलसेलवाला घेणार का? नाही घेतली, की साखळी तुटली.

आमची चिठ्ठी चालली, कारण तिघं एकमेकांना ओळखतो आणि तिघांचा पैसा त्याच गल्लीत फिरतो. निदान फिरायचा. माझं दूध, ब्रेड, मॅगी हल्ली दहा मिनिटांत ॲपवरून येतं. तो पैसा गल्लीत थांबतच नाही.

मग आठवलं. काकांचा गल्ला इतका रिकामा कसा, असं मी त्या दिवशी विचारलं होतं. दुपारचे चार वाजले होते. काका म्हणाले, "अरे, सकाळपासून तू तिसरा."