दसरा काढणे आणि घर ‘करून घेणे’

नांदेडला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या वर्षी श्रावण सरताना दूरध्वनी आला. “मामा, घर करून घ्यायचंय. एकाकडून अंदाजपत्रक घेतलं, सव्वाचार लाखांचं आहे. तुम्ही काय म्हणता?” घर त्याच्या वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेले, तीन खोल्यांचे आणि धडधाकट. गळत नव्हते, खचत नव्हते. मग करून काय घ्यायचे होते? बैठकीच्या खोलीला पीओपीचे छत, त्यात लपविलेले दिवे, दूरदर्शन संचामागे लाकडाच्या नक्षीची भिंत आणि स्वयंपाकघरात चकचकीत फळ्यांची कपाटे. मी कारण विचारले तेव्हा तो क्षणभर घुटमळला. दिवाळीनंतर मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार होती.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. नांदेड-लातूर पट्ट्यात आज मुलाचे शिक्षण आणि नोकरी यांच्याबरोबर त्याची बैठकीची खोलीही वधूपक्षाच्या तपासणीला उभी राहते. पूर्वी शेत किती, विहिरीला पाणी किती, असे विचारत. आता छत पाहतात. त्यापायी कर्ज काढणारी कुटुंबे मी माझ्याच गल्लीत पाहिली आहेत. हप्ते संपण्याआधी त्या फळ्यांचे थर सुटू लागतात, हा भाग वेगळा.

वास्तविक घर नवे करण्याची एक रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे आणि तिला नावही आहे : दसरा काढणे. घटस्थापनेपूर्वी घरातली एकूण एक वस्तू अंगणात यायची. डबे, पेट्या, पाटे, हंडे, वाकळा, सारे बाहेर. जाळीजळमटे निघायची, भिंतींना पोतारा नाही तर चुना, जमिनीला शेणाचे सारवण, आणि गावातल्या सगळ्या वाकळा मांजरा, मन्याड, तेरणा किंवा गोदावरी यांपैकी जी जवळ असेल त्या नदीवर. या रीतीतली एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. हा सारा खटाटोप पितृपक्षात होतो आणि पितृपक्षात नवी खरेदी करायची नाही, असा संकेत आहे. म्हणजे वर्षातले सर्वांत मोठे गृहनूतनीकरण अशा पंधरवड्यात, ज्यात बाजारातून काही आणायचेच नाही! जे आहे ते बाहेर काढायचे, उन्हाला दाखवायचे, मोडके दुरुस्त करायचे, निरुपयोगी टाकायचे आणि उरलेले पुन्हा मांडायचे. हा संकेत कोणी काटकसरीचा विचार करून घातला असे मी म्हणत नाही. पण त्याचा परिणाम काटकसरीचाच झाला.

भाच्याला मी प्रथम हेच सांगितले. अंदाजपत्रक बाजूला ठेव आणि दोन दिवस घर रिकामे करून बघ. निम्मी खोली तर सामानाने खाल्लेली असते.

दुसरी गोष्ट चुन्याची. चुना म्हटले की आज गरिबीची खूण वाटते. पण मराठवाड्याच्या हवेला त्याच्याइतका अनुकूल रंग दुसरा नाही. कळीचा चुना दोन-तीन दिवस भिजवून गाळून घ्यावा, त्यात थोडा सरस आणि चिमूटभर नीळ घालावी आणि भिंत ओली करून पातळ असे तीन हात द्यावेत. पहिला हात दिल्यावर भिंत राखाडी, निरुत्साही दिसते. धीर सोडू नये. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि वाळल्यावरच खरा पांढरा होतो. तो क्षारयुक्त असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही. त्याच्या थरातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. जुन्या दगडमातीच्या भिंतीवर तैलरंग फासला की तीच ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत रंगासकट गिलावा पोपडे धरून खाली येतो. (तैलरंग आधीच दिलेला असेल तर मात्र तो पुरता खरवडल्याशिवाय चुना धरत नाही. आणि कळीचा चुना भिजताना उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे, डोळे जपावेत.) उरलेला चुना स्लॅबवर फिरवावा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पांढऱ्या छताखालच्या आणि काळवंडलेल्या छताखालच्या खोलीतला फरक पंख्याशिवाय कळतो.

आमच्या लातूरच्या घराला गेल्या वर्षी हे केले. चुना, नीळ, सरस, कुंचले आणि एका माणसाची चार दिवसांची मजुरी मिळून साडेचार हजारांत तीन खोल्या आणि छत झाले.

आता एक इशारा. तो द्यायला मला माझ्या व्यवसायाचा पहिला धडा आठवावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे आपापल्या घरांखालीच गाडली गेली. मी तेव्हा नवखा वार्ताहर होतो. त्या ढिगाऱ्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसत होती : लाकडी खांब आणि तुळया कित्येक ठिकाणी उभ्याच होत्या, कोसळल्या होत्या त्या दगडमातीच्या जाड भिंती. त्या भिंतींत आतला आणि बाहेरचा थर यांना जोडणारे आरपार दगडच नव्हते. वर माळवदाच्या मातीचा भार. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला नवी माती टाकली जाई, जुनी कोणी काढत नसे. घराची निगा राखण्याच्या सवयीनेच घर जड होत गेले होते.

पुढे ५२ गावे दुसरीकडे वसविली गेली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. ती भक्कम होती, पण त्यांत ओसरी नव्हती, देवळी नव्हती, बळद नव्हते, आणि उन्हाळ्यात स्लॅब तापून आत थांबवत नसे. लोकांनी हळूहळू त्यांना पत्र्याचे सोपे जोडले, अंगणाला भिंती घातल्या, कोपऱ्यात देव बसविले आणि मगच ती घरे झाली. ज्या शेकडो गावांत घरे जागीच राहिली, तिथे मजबुतीकरणासाठी शासनाने अनुदान दिले. अनेकांनी त्या पैशात जुनी भिंत मजबूत न करता शेजारी विटांची एक नवी खोली बांधली. जुने माळवद तसेच उभे राहिले, आत धान्य आणि अडगळ भरून. तशी घरे आजही दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि काहींत आता नवी पिढी ‘जुन्या वाड्याचा थाट’ म्हणून पुन्हा राहू पाहते आहे.

तिथे पीओपीचे छत लावणे म्हणजे वाळवी आणि गळती यांवर पडदा टाकणे. खोली मोठी दिसावी म्हणून मधली भिंत पाडणे किंवा तीत कपाटासाठी खोल कोनाडा कोरणे, हे तर धाडसच. माळवद असेल तर आधी वरची जास्तीची माती उतरवा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घाला, उंच फळ्यांवरचे जड हंडे खाली आणा. रंग आणि पडद्यांचा विचार त्यानंतर. आणि भिंतीला हात लावण्यापूर्वी अभियंत्याला एकदा दाखवा. त्याचे शुल्क पीओपीच्या एका पट्टीहून फारसे जास्त नसते.

पडद्यांवरून आठवले. देशाच्या राष्ट्रध्वजाचे खादी कापड आपल्या उदगीरला विणले जाते, नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ते ध्वज तयार करते आणि आपल्या खिडक्यांना मात्र परराज्यातले कृत्रिम धाग्याचे चमकदार पडदे! जाडी खादी ऊन अडविते, घरी धुता येते आणि विटली तर वाकळेला अस्तर होते. आईच्या जुन्या इरकलींची वाकळ दिवाणावर अंथरली तर तिला निराळ्या सजावटीची गरज उरत नाही.

दसरा काढण्याचे गोडवे गाताना एक कबुली दिली पाहिजे. हे सारे काम बायकांच्या कंबरेवर उभे होते. चुन्याने हाताची सालटी जात, वाकळांच्या ओल्या ओझ्याने पाठ धरे, आणि पुरुषमंडळी पारावर बसून ‘यंदा घर छान झालंय’ म्हणत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याआधीच्या दसऱ्याला आमच्या गल्लीत वाकळा धुतल्याच गेल्या नाहीत, गच्चीवर उन्हात टाकून झटकल्या. त्या वर्षी पाठदुखीची तक्रार कमी होती, असे माझी पत्नी आजही हसत सांगते. परंपरा चालवायची असेल तर कुंचला पुरुषांनीही हाती धरायला हवा. मी तो पन्नाशीत धरला, म्हणून फार बोलत नाही.

भाच्याने सव्वाचार लाख खर्च केले नाहीत. पीओपीचा बेत रद्द झाला. खोल्या उपसल्या तेव्हा दोन टेम्पो भंगार निघाले. स्वयंपाकघरातली विजेची जुनी तारजोडणी मात्र खरोखर धोक्याची निघाली, ती बदलण्यात सर्वांत जास्त पैसे गेले आणि ते योग्यच झाले. माझ्या वडिलांच्या माळवदाच्या दोन सागवानी तुळया गावी पडून होत्या. त्या त्याने नांदेडला नेल्या आणि तिथल्या सुताराकडून बैठकीतल्या भिंतीलगत एक लांब बाक करून घेतला.

दिवाळीनंतर मंडळी आली. मुलीच्या आजीने बाकावर बसताना लाकडावरून हात फिरविला आणि विचारले, “कुठल्या घराचं आहे?” मग पुढचा अर्धा तास किल्लारीवरच बोलणे झाले. त्यांचेही गाव तेरणेकाठचेच निघाले.