लांबीखालचं लोखंड



मागच्या लेखात आजोबांच्या पद्मिनीचा ओझरता उल्लेख आला आणि बऱ्याच जणांनी विचारलं, ‘त्या गाडीचं पुढे काय झालं?’ एका तरुण वाचकाने तर ‘घरच्या घरी वेल्डिंग शिकता येतं का?’ असंही विचारलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत, आणि ती गोष्ट माझ्यासाठी थोडी लाजिरवाणी आहे. तरी सांगतो.

आमचं घर सौंसरचं, शेती संत्र्याची. आईचं माहेर पांढुर्ण्याचं. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून त्यात गेलं, तेव्हा आई बाबांना म्हणाली होती, “घ्या, आता तुमचं गाव माझ्या माहेराच्या हाताखाली आलं!” मी मेकॅनिकलमध्ये बीई केलं आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. आमच्या पिढीत असे हजारो आहेत. नोकरी नागपुरात, पण शनिवारी सकाळी निघालं की नाश्त्याला घरी पोचतो.

आता गाडीबद्दल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही कंपनी फियाट ११०० बनवायची. तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. टॅक्सी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. पण आमच्या भागात ती टॅक्सी नव्हती, घरातलं माणूस होती. आमची १९७६ ची. आजोबांनी ती जुनीच विकत घेतली होती. त्या गाडीतून लग्नाच्या वराती गेल्या, जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनाला सगळं घर गेलं, आणि हंगामात डिकीतून संत्र्याच्या पेट्या आणि खताची पोतीही गेली.

ती खताची पोती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आजोबा गेल्यावर गाडी सात-आठ वर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी होती. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी ठरवलं की नवरी पद्मिनीतूनच जाईल. हाताशी वेळ नव्हता, पैसे होते. नागपूरच्या एका गॅरेजात गाडी दिली आणि महिन्याभरात ती दुधाळ पांढऱ्या रंगात चकचकीत होऊन परत आली. काय वाट्टेल ते करा, पण तारखेला द्या, असं मीच त्यांना सांगितलं होतं. फोटो सुंदर आले. बाबा दोन दिवस गाडीभोवती फिरत होते.

लग्नानंतर चार महिन्यांनी पांढुर्ण्याहून परतताना टायर पंक्चर झालं. बाबा चाकाजवळ उकिडवे बसून नट सैल करत होते आणि मी जॅक फिरवत होतो. गाडी उचलली गेली, आणि अचानक ‘कर्रर्र’ असा आवाज करत जॅक दाराखालच्या पत्र्यात घुसला. गाडी खाली बसली. बाबांनी हात मागे घेतला होता म्हणून बोटं वाचली. रस्त्यावर मूठभर वाळकी लांबी पडली होती, आणि तिच्यासोबत तपकिरी भुगा. लोखंड तिथे उरलंच नव्हतं.

बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “तुह्या आज्याची गाडी आहे म्हणून ठेवली होती. आता देऊन टाक भंगारात.”

मी म्हणालो, “सहा महिने द्या मला.”

ज्यांनी गाडी कधी खोलून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. फरशी, दाराखालचे पोकळ खोके (ज्यांना सिल म्हणतात), खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. म्हणजे सिल सडलं की गाडीचा कणाच सडला. वरून रंग कितीही चांगला असो, अपघातात तो पत्रा कागदासारखा दुमडतो.

मग आमच्याकडे तर समुद्र नाही, एवढा गंज आला कुठून? लोखंड, पाणी आणि हवा एवढं गंजाला पुरतं. त्यात क्षार मिसळले की काम झपाट्याने होतं. पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोत्यातून सांडलेले दाणे डिकीच्या कोपऱ्यात, फरशीच्या सांध्यात बसले. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतात आणि क्लोराइड पत्रा खातं. सिलच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला भोकं असतात, ती शेतातल्या काळ्या मातीने बुजली होती. शेडमधल्या आठ पावसाळ्यांत आतून पत्रा गेला आणि बाहेरून कुणाला कळलं नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली फोड दिसायला लागतात. फोड दिसला, म्हणजे आत बरंच काही होऊन गेलंय असं समजा.

कामाला गुरू मिळाले ते पांढुर्ण्याचे. मामाच्या ओळखीचे एक काका आता ट्रॉल्या आणि गेट बनवतात, पण तरुणपणी गॅसवर गाड्यांचं डेंटिंग करायचे. ते सौंसरला आले आणि खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून गाडीवर फिरवायला लागले. जिथे पत्रा होता तिथे चिकटलं, जिथे लांबी होती तिथून घसरलं. मग पेचकसाने टोचायला सुरुवात केली. पाच मिनिटांत अकरा भोकं पडली.

“अरे बाप्पा, हे तं पुरं सडून गेलं ना!” काका म्हणाले. “हे पाहा भाऊ, लांबी रंगाले धरते, गाडीले नाई धरत.”

मला ऑफिस आठवलं. प्रोग्राममध्ये एरर येते, आपण ती पकडून गपचूप गिळतो आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दाखवतो. डेमो छान होतो. मी बहिणीच्या लग्नात तसाच डेमो दिला होता.

पहिला महिना फक्त उघडण्यात गेला. सीट, मॅट, फरशीवरचा जुना नमदा, आतली अस्तरं काढली. बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढून दूर ठेवल्या. इथे एक गोष्ट नीट वाचा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण आतली पेट्रोलची वाफ हवेत मिसळून स्फोट होऊ शकतो. टाकीजवळ ठिणगी न्यायची नाही आणि टाकीला घरी वेल्डिंग तर कधीच करायचं नाही.

मग तारेचा ब्रश आणि ग्राइंडर. नियम सोपा आहे. चकचकीत, जाड लोखंड लागेपर्यंत कापत जायचं. वरवरचा गंज असेल तर तो घासून फॉस्फोरिक आम्लाचं रसायन लावता येतं. पण पत्र्याला भोक पडलं असेल तर कुठलंही रसायन लोखंड परत आणत नाही, नवा पत्राच लागतो.

पत्रा आणायला मी कूलर बनवणाऱ्याकडे गेलो आणि स्वस्तात छान जस्ताचा पत्रा घेऊन आलो. काकांनी तो परत पाठवला. जस्ताचा मुलामा वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आम्हाला हवा होता साधा कोल्ड रोल्ड पत्रा, २० गेजचा, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर जाड.

एवढ्या पातळ पत्र्याला गेटवालं रॉडचं वेल्डिंग चालत नाही, जोडण्याआधी भोकच पडतं. मिग मशीन लागतं. त्यात बारीक तार आपोआप पुढे येते आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून सोबत गॅस सुटतो. मी मशीन नागपूरहून भाड्याने आणलं. बीईच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये दोन पट्ट्या जोडून मार्क मिळवले होते, त्या भरवशावर पहिल्याच दिवशी मी एक सरळ लांब रेघ ओढली. पत्रा तापून पापडासारखा वाकडा झाला.

काका हसले नाहीत. म्हणाले, “आई गोधडी शिवते तं पयले काय करते? टाके मारते. तू बी टाके मार.”

सगळं तंत्र त्या एका वाक्यात आहे. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा पुन्हा पलीकडे. मधे थांबायचं, पत्र्याला हात लावता येईल इतका थंड होऊ द्यायचा, मग दोन टाक्यांच्या मधे आणखी एक. असं करत करत टाके एकमेकांना भेटतात. कारखान्यात जिथे दोन पत्रे ठिपक्यांनी जोडलेले असतात, तिथे वरच्या पत्र्याला सहा-आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डिंगने भरायची. हातभर जोडायला मला पूर्ण शनिवार लागायचा.

आणखी एक धडा. दोन्ही बाजूंची सिल एकदम कापायची नाहीत. आधी दाराच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी पट्ट्यांचे आडवे टेकू वेल्ड करायचे, म्हणजे गाडी मधून वाकत नाही. डावी बाजू आम्ही तशीच केली. उजव्या बाजूच्या वेळी काका गावी नव्हते. मी घाईने मागच्या दाराचा टेकू एक दिवस आधी काढला. तेवढ्यात चौकट किंचित खाली बसली.

बाबा पहिले दोन महिने शेडकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी मी काम थांबवून चहाला गेलो आणि पंधरा मिनिटांनी शेडमधून धूर यायला लागला. फरशीखाली राहिलेला नमद्याचा एक तुकडा आतल्या आत धुमसत होता. बाबांनीच आधी पाहिला आणि बादली ओतली. त्या दिवसापासून ते खुर्ची घेऊन तिथे बसायला लागले. बाजूला पाण्याच्या दोन बादल्या, वाळूचं घमेलं आणि मी आणलेलं अग्निशामक. शेवटच्या ठिणगीनंतर अर्धा तास ते उठायचे नाहीत. त्या अर्ध्या तासांत आजोबांबद्दल जेवढं ऐकलं, तेवढं आधीच्या तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

तुम्हाला हात घालायचा असेल तर एवढं पाळा. वेल्डिंगचं हेल्मेट घातल्याशिवाय एकही ठिणगी नको, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. अंगात जाड सुती कपडे, पायात बंद बूट, हातात चामड्याचे मोजे. गाडीखाली जाताना फक्त जॅकवर विश्वास नको, मजबूत लोखंडी स्टँड हवेत. शेजारी कुणीतरी बसलेलं हवं. आणि कण्याचं काम, म्हणजे सिल आणि खांब, अनुभवी माणूस पाहायला असल्याशिवाय करू नका. सराव भंगार पत्र्यावर करा.

वेल्डिंग झालं म्हणजे काम संपलं असं नाही. जोड घासून सपाट केले, प्रायमर मारला, सांधे सीलंटने बुजवले, सिलच्या पोकळीत मेण फवारलं आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली. शेवटी लांबीही लावलीच, पण पापुद्र्याएवढी. लांबी वाईट नाही, तिला लोखंडाचं काम द्यायला नको.

कागदपत्रांचंही सांगतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीचे नियम आणले. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये लागतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नसते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. म्हणून आम्ही प्रत्येक तुकडा जुन्या पत्र्याचा कागदी साचा काढूनच कापला.

सहाचे नऊ महिने झाले. शेवटच्या दिवशी बाबांनी काकांचं लोहचुंबक मागून घेतलं आणि सगळ्या गाडीवरून फिरवलं. मग स्वतः जॅक लावला, त्याच जागी. मला जवळ येऊ दिलं नाही. गाडी उचलली गेली आणि तशीच राहिली.

आता पोळ्यानंतर आईला माहेरी घेऊन आम्ही पद्मिनीतूनच जातो. उजवीकडचं मागचं दार मात्र अजून नीट लागत नाही. पाहुणे दोनदा आपटतात, तेव्हा बाबा पुढच्या सीटवरून सांगतात, “जरा उचलून लावा. तिथं आमच्या इंजिनिअरची सही आहे.”